नवोदित जैववैद्यकीय अध्यापक आणि स्वतंत्र संशोधनाची उभारणी : अमेरिकेतील अनुभव व भारतीय संदर्भ

१. प्रस्तावना

जैववैद्यकीय विद्याशाखेत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होणाऱ्या व्यक्तीच्या पाठीशी साधारणतः दहा ते पंधरा वर्षांचे शिक्षण व प्रशिक्षण असते. पीएच.डी.चा विषय मार्गदर्शकाने सुचविलेला असतो, प्रयोगशाळा त्याची असते आणि लागणारा निधीही त्यानेच मिळविलेला असतो. पोस्ट-डॉक्टरल संशोधनाच्या काळात व्यक्ती बदलते, संस्था बदलते, कित्येकदा देशही बदलतो, पण ही रचना तशीच राहते. त्यानंतर एके दिवशी नियुक्तिपत्र हाती पडते आणि हीच व्यक्ती एका रिकाम्या खोलीची प्रमुख होते. त्या खोलीत उपकरणे आणणे, मनुष्यबळ नेमणे, नैतिकता समितीची मान्यता मिळविणे, अंदाजपत्रक करणे, विद्यार्थ्यांना विषय देणे आणि या सर्वांसाठी लागणारा पैसा उभा करणे ही कामे तिच्याकडून अपेक्षिली जातात. यांपैकी एकाही कामाचे रीतसर शिक्षण तिला मिळालेले नसते.

प्रयोग करण्यात निष्णात असणे आणि संशोधनाचा एक स्वतंत्र कार्यक्रम उभा करणे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप उगवते, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. हे गृहीतक चुकीचे आहे याची जाणीव अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागली व तेथे या संक्रमणकाळासाठी स्वतंत्र योजना आखण्यात आल्या. त्या योजनांमागील विचार, त्यांचे कार्य व त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेणे आणि भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने त्यांतून काय घेता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. 'स्वतंत्र संशोधन' या संकल्पनेचा अर्थ

स्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा नव्हे. आधुनिक जैववैद्यकीय संशोधन संख्याशास्त्रज्ञ, चिकित्सक, रसायनतज्ज्ञ व संगणकतज्ज्ञ यांच्या सहकार्यावाचून होऊ शकत नाही. मग स्वतंत्र संशोधक कोणास म्हणावे? ज्याने संशोधनाचा प्रश्न स्वतः निश्चित केला आहे, तो सोडविण्याची पद्धती ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यासाठी लागणारी साधने ज्याच्या नियंत्रणात आहेत आणि निष्कर्षांची जबाबदारी जो स्वतः घेतो, त्यास स्वतंत्र संशोधक म्हणता येईल.

या व्याख्येतील 'कार्यक्रम' ही कल्पनाही महत्त्वाची आहे. एखादा प्रकल्प तीन वर्षांत संपतो व त्याचा अहवाल सादर होतो. कार्यक्रम मात्र एका मध्यवर्ती प्रश्नाभोवती फिरणाऱ्या प्रकल्पांची साखळी असते. एका प्रकल्पाच्या उत्तरातून दुसऱ्याचा प्रश्न निघतो. नवोदित अध्यापकाने पहिल्या पाच-सहा वर्षांत सुटे प्रकल्प हाती घेतले तर त्याच्या नावावर शोधनिबंध जमा होतात, पण त्याचे क्षेत्र निर्माण होत नाही. उलट तो पूर्वीच्या मार्गदर्शकाच्याच विषयाची शेपटी धरून राहिला, तर निधी देणारी समिती साहजिकच विचारते की, यातील कल्पना नेमकी कोणाची? म्हणूनच पोस्ट-डॉक्टरल काळ संपताना मार्गदर्शक व शिष्य यांच्यामध्ये विषयाची वाटणी स्पष्टपणे, शक्य तर लेखी स्वरूपात होणे आवश्यक मानले जाते. कोणता जनुक, कोणती पेशीरेषा, रुग्णांचा कोणता नमुनासंच नवा अध्यापक सोबत नेणार आणि कोणत्या प्रश्नावर मार्गदर्शक त्याच्याशी स्पर्धा करणार नाही, हे ठरलेले नसेल तर पुढे दोघांनाही मनस्ताप होतो. त्यात नुकसान मात्र बहुधा नव्याचेच होते.

३. समस्येचे स्वरूप : वाढते वय, घटती संधी

अमेरिकेतील जैववैद्यकीय संशोधनाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्था. २७ संस्था व केंद्रांचा हा समूह 'एनआयएच' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. स्वतंत्र संशोधकास मिळणाऱ्या तिच्या प्रमुख अनुदानाचे नाव 'आर-०१' असे आहे. अमेरिकी वैद्यकीय विद्यापीठांत पहिले आर-०१ अनुदान मिळणे ही संशोधकाच्या स्वातंत्र्याची व्यवहारातील खूण समजली जाते. पुष्कळ ठिकाणी कायम नियुक्तीचा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो.

थॉमस चेक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेतर्फे 'ब्रिजेस टू इंडिपेंडन्स' हा अहवाल प्रसिद्ध केला. चेक हे रसायनशास्त्रातील १९८९ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी. समितीने मांडलेले चित्र चिंताजनक होते. १९८० मध्ये स्पर्धात्मक संशोधन अनुदानांपैकी निम्म्याहून अधिक अनुदाने चाळीस वर्षे वा त्याहून कमी वयाच्या संशोधकांकडे जात होती. २००३ पर्यंत हे प्रमाण १७ टक्क्यांच्याही खाली आले होते. पीएच.डी.धारकांना पहिले आर-०१ मिळण्याचे वय सरासरीने ४२ च्या घरात पोहोचले होते आणि वैद्यकीय पदवीधरांच्या बाबतीत ते याहूनही अधिक होते. नवे प्रश्न विचारण्याची उमेद ज्या वयात सर्वाधिक असते, ती वर्षे दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करण्यात सरत होती.

हे का घडले, हे समजून घेणे उद्बोधक आहे. १९९८ ते २००३ या काळात एनआयएचचा अर्थसंकल्प सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून सुमारे २७ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. विद्यापीठांनी नव्या इमारती बांधल्या, प्रयोगशाळा वाढविल्या व त्यांत विद्यार्थी आणि पोस्ट-डॉक्टरल संशोधक मोठ्या संख्येने दाखल झाले. अध्यापकपदे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. २००३ नंतर निधीची वाढ थांबली आणि दरम्यान तयार झालेले मनुष्यबळ त्याच निधीसाठी स्पर्धा करू लागले. २०१३ मध्ये शासकीय खर्चकपात झाली तेव्हा संशोधन प्रकल्पांच्या यशाचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे दर सहा प्रस्तावांपैकी पाच परत जात होते.

स्पर्धा वाढली की परीक्षक सावध होतात. प्रस्ताव यशस्वी होईल याची खात्री पटविणारी प्राथमिक निरीक्षणे ते मागतात. अशी निरीक्षणे जमविण्यासाठी प्रयोगशाळा लागते, प्रयोगशाळेसाठी अनुदान लागते आणि अनुदानासाठी प्राथमिक निरीक्षणे लागतात. ज्याची प्रयोगशाळा आधीच चालू आहे त्याला हे चक्र बाधत नाही, नवोदित मात्र त्याच्या बाहेरच उभा राहतो. ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर, शर्ली टिलमन व हॅरल्ड वार्मस या चार ज्येष्ठ वैज्ञानिकांनी २०१४ मध्ये एका बहुचर्चित लेखात हा दोष व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे, असे निःसंदिग्धपणे मांडले. पुढील योजनांचे मर्म या निदानात आहे.

४. संक्रमणकाळासाठी सेतू : 'के-९९/आर-००' योजना

एलियास झरहूनी हे एनआयएचचे संचालक असताना २००६ च्या प्रारंभी 'स्वातंत्र्याकडे जाणारा मार्ग' या अर्थाच्या नावाची एक योजना जाहीर झाली. तिचे तांत्रिक नाव 'के-९९/आर-००'. तिची रचना दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात पोस्ट-डॉक्टरल संशोधकास मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेतच जास्तीत जास्त दोन वर्षे साहाय्य मिळते. दुसऱ्या टप्प्यात तो अध्यापक म्हणून जेथे नियुक्त होईल तेथे त्याच्या स्वतःच्या संशोधनासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे निधी दिला जातो. या निधीचा हक्क संशोधकाचा असतो. मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडताना तो रिकाम्या हाताने निघत नाही.

या योजनेतील तीन तरतुदी विशेष लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे, दुसऱ्या टप्प्याचा निधी मिळण्यासाठी नव्या संस्थेने संशोधकास स्वतंत्र अध्यापकपद, जागा व संशोधनासाठी किमान ७५ टक्के वेळ देण्याची लेखी हमी द्यावी लागते. दुसरी म्हणजे, या अनुदानाकडे बोट दाखवून संस्थेने आपला प्रारंभिक निधी कमी करता कामा नये. 'बाहेरून पैसा आला आहे, आता आमच्याकडून कशाला?' या संस्थात्मक प्रवृत्तीला येथे आधीच पायबंद घातला आहे. तिसरी म्हणजे, अर्जासाठी पोस्ट-डॉक्टरल अनुभवाची कमाल मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा प्रारंभी पाच वर्षे होती, २०१४ मध्ये ती चार वर्षांवर आणण्यात आली. तरुणांनी लवकर बाहेर पडावे, हा त्यामागील हेतू होता. योजना सुरू झाली तेव्हा अमेरिकी नागरिकत्वाची अट नव्हती. त्यामुळे तेथे काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनाही ती खुली राहिली.

अनुदानाच्या परीक्षणातही बदल झाले. २००९ पासून, शेवटची संशोधन पदवी अथवा वैद्यकीय निवासी प्रशिक्षण पूर्ण होऊन दहा वर्षे झालेली नाहीत व ज्यांना मोठे अनुदान मिळालेले नाही, अशा अर्जदारांचा स्वतंत्र गट मानण्यात आला. त्यांच्या प्रस्तावांची तुलना शक्यतो एकमेकांशीच व्हावी, असे धोरण ठरले. तीस वर्षे प्रयोगशाळा चालविणाऱ्यांशी त्यांना सरळ सामना करावा लागू नये, असा त्याचा अर्थ. २०१८ मध्ये, या दहा वर्षांच्या काळात अपत्यजन्म झाला असल्यास एका वर्षाची वाढ देण्याची तरतूद करण्यात आली. दिसायला लहान असलेल्या या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे, कारण पहिले अनुदान मिळविण्याची वर्षे आणि कुटुंब उभे करण्याची वर्षे बहुतेकांच्या आयुष्यात एकच असतात.

५. संरक्षित वेळ : सर्वांत दुर्मीळ साधन

नवोदित अध्यापकास सर्वाधिक कशाची गरज असते, असे विचारल्यास बहुतेक जण पैसा असे उत्तर देतील. अनुभव मात्र वेगळे सांगतो. विशेषतः रुग्णसेवा करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत वेळ हेच सर्वांत दुर्मीळ साधन असते. बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, रात्रपाळी, अध्यापन व परीक्षा यांतून उरलेल्या वेळात संशोधन करावे, अशी अपेक्षा असली की संशोधन कधीच होत नाही, कारण वेळ कधीच उरत नाही.

यासाठी अमेरिकेतील चिकित्सक-संशोधकांच्या 'के-०८' व 'के-२३' या अनुदानांत 'संरक्षित वेळ' ही कल्पना केंद्रस्थानी आहे. के-२३ हे अनुदान प्रत्यक्ष रुग्णांवरील संशोधनासाठी असते. या अनुदानांखाली व्यावसायिक वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधन व तद्विषयक प्रशिक्षणास द्यावा लागतो. शस्त्रक्रियेच्या काही शाखांत हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत शिथिल केले आहे, कारण हाताचे कौशल्य टिकवायचे तर शस्त्रक्रियागृहापासून फार काळ दूर राहता येत नाही. अनुदानातून अध्यापकाच्या वेतनाचा काही भाग भरला जातो व त्या बदल्यात विभागप्रमुखाने त्याला रुग्णसेवेतून तेवढी मोकळीक द्यायची असते. वेळेचे मोल पैशात मोजून ते विभागास चुकते केल्यामुळे मोकळीक ही कोणाच्या मर्जीची बाब राहत नाही.

डोरिस ड्यूक धर्मादाय प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये सुरू केलेला उपक्रमही उल्लेखनीय आहे. दहा वैद्यकीय शिक्षणसंस्थांना निधी देण्यात आला. लहान मुलांचे, आजारी जोडीदाराचे अथवा वृद्ध आईवडिलांचे संगोपन करावे लागत असल्याने ज्यांचे संशोधन खंडित होण्याची भीती होती, अशा तरुण चिकित्सक-संशोधकांना त्या निधीतून साहाय्य मिळाले. हे साहाय्य प्रामुख्याने जादा हातांसाठी होते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ अथवा माहिती-संकलक यांचे वेतन त्यातून देता येई. घरी बसावे लागलेल्या संशोधकाचे काम तोवर पुढे चालू राहावे, एवढीच त्यामागील साधी कल्पना होती. संशोधन सोडून जाणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रश्न क्षमतेचा नसतो, अडचणीच्या एका टप्प्यापुरता असतो, ही जाणीव या उपक्रमाच्या मुळाशी आहे.

६. संस्थेची भूमिका : 'कोब्रे' केंद्रांचा अनुभव

वरील योजना व्यक्तीस बळ देणाऱ्या आहेत. परंतु ज्या राज्यांत मोठी संशोधन विद्यापीठे नाहीत तेथे एकट्या व्यक्तीस बळ देऊन भागत नाही. बॉस्टन अथवा सॅन फ्रान्सिस्को येथील नव्या अध्यापकास शेजारच्या प्रयोगशाळेत तज्ज्ञ भेटतो, उपकरण मिळते व प्रस्ताव वाचणारा अनुभवी सहकारी सापडतो. माँटाना, नेब्रास्का, मिसिसिपी अथवा वेस्ट व्हर्जिनिया येथे हे सहजासहजी घडत नाही. या विषमतेवर उपाय म्हणून १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ज्या राज्यांना एनआयएचचा निधी परंपरेने अत्यल्प मिळत होता त्यांच्यासाठी एक विशेष कार्यक्रम मंजूर केला. २३ राज्ये व पोर्टो रिको यांचा त्यात समावेश झाला. त्याच कार्यक्रमांतर्गत २००० मध्ये 'जैववैद्यकीय संशोधन उत्कृष्टता केंद्रे' सुरू झाली. ती 'कोब्रे' या संक्षिप्त नावाने ओळखली जातात.

कोब्रे केंद्राची रचना अभ्यासण्याजोगी आहे. एका विषयसूत्राभोवती केंद्र उभे केले जाते. त्या विषयातील एक प्रस्थापित संशोधक केंद्राचा संचालक असतो. त्याच्यासोबत साधारणतः तीन ते पाच नवोदित अध्यापक आपापले स्वतंत्र प्रकल्प चालवितात. प्रत्येकाने आपला निम्मा वेळ प्रकल्पास देणे अपेक्षित असते व प्रत्येकास मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. केंद्रात सर्वांसाठी सामायिक उपकरण-सुविधा असते व तिच्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. बाहेरच्या संस्थांतील तज्ज्ञांची सल्लागार समिती दरवर्षी प्रत्येक प्रकल्पाची तपासणी करते.

या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण भाग पुढे आहे. नवोदित अध्यापकास आर-०१ अथवा तत्सम स्वतंत्र अनुदान मिळाले की तो केंद्राच्या साहाय्यातून मोकळा होतो. व्यवहारात त्याला 'पदवीधर' झाला असेच म्हटले जाते. त्याच्या जागी दुसरा नवोदित येतो. म्हणजे कोणी केंद्रातून बाहेर पडणे हे केंद्राचे नुकसान न मानता ते त्याच्या यशाचे माप मानले जाते. पाच वर्षांचा पहिला टप्पा, पाच वर्षांचा दुसरा टप्पा व अखेरीस सामायिक सुविधा स्वबळावर टिकाव्यात यासाठी तिसरा टप्पा, अशी ही दीर्घ मुदतीची आखणी आहे. तिसऱ्या टप्प्यात मुख्य भर सामायिक सुविधांवर असतो. संशोधन-संस्कृती एका अनुदानाच्या मुदतीत रुजत नाही, हे या आखणीत मान्य केलेले दिसते.

७. मार्गदर्शन व प्रस्तावलेखन : शिकता येणारी कौशल्ये

बरोज वेलकम निधी व हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था यांनी २००२ मध्ये नव्या अध्यापकांसाठी प्रयोगशाळा-व्यवस्थापनाचा एक अभ्यासक्रम घेतला व त्यातून 'मेकिंग द राइट मूव्ह्ज' हे मार्गदर्शक पुस्तक तयार झाले. नियुक्तीच्या वाटाघाटी, मनुष्यबळाची निवड, वेळेचे नियोजन, सहकार्याचे करार व नोंदवह्यांची शिस्त हे विषय त्यात हाताळले होते. हे सारे शिकविता येते, हीच गोष्ट तोवर अनेकांना नवीन होती.

मार्गदर्शनाच्या कल्पनेतही बदल झाला. एकच ज्येष्ठ व्यक्ती विषयज्ञान, निधी, व्यावसायिक सल्ला व मानसिक आधार हे सर्व देईल, ही अपेक्षा अवास्तव ठरली. त्याऐवजी मार्गदर्शन समितीची पद्धत रूढ झाली. समितीत एक सदस्य विषयतज्ज्ञ, दुसरा संशोधनपद्धतीचा अथवा संख्याशास्त्राचा जाणकार व तिसरा विभागाबाहेरचा असतो. हा तिसरा सदस्य महत्त्वाचा असतो, कारण ज्याच्या हाती बढतीचा अहवाल आहे त्याच्यापुढे नवोदित अध्यापक आपली अडचण मोकळेपणाने मांडत नाही.

प्रस्तावलेखनाच्या बाबतीत पूर्वपरीक्षणाची पद्धत उपयुक्त ठरली आहे. आर-०१ प्रस्तावात उद्दिष्टांसाठी एक पृष्ठ व संशोधन-आराखड्यासाठी बारा पृष्ठे असतात. २०१० पूर्वी हा आराखडा पंचवीस पृष्ठांचा असे. उद्दिष्टांचे एक पृष्ठ मुदतीच्या तीन-चार महिने आधी सहकाऱ्यांपुढे ठेवावे व मगच पुढील लेखन करावे, असा संकेत अनेक विभागांत आहे. मूळ प्रश्नच दुबळा असेल तर तो बारा पृष्ठे लिहून झाल्यावर कळण्यापेक्षा एका पृष्ठावर कळलेला बरा. त्यानंतर संपूर्ण प्रस्ताव तीन सहकारी परीक्षक म्हणून वाचतात, गुण देतात व लेखकासमक्ष चर्चा करतात. ही एक प्रकारची रंगीत तालीमच असते.

परत आलेल्या प्रस्तावाचे काय करावे, हेही शिकवावे लागते. पहिल्या नकारानंतर पुष्कळ नवोदित पुन्हा प्रस्ताव पाठवीतच नाहीत. परीक्षकांचे अभिप्राय अनुभवी सहकाऱ्याबरोबर बसून वाचले, त्यांतील दुरुस्त होण्याजोगे आक्षेप वेगळे काढले व प्रस्ताव पुन्हा सादर केला, तर नकार हा प्रक्रियेचाच एक टप्पा ठरतो. ज्याला असा सहकारी लाभत नाही त्याला तोच नकार अखेरचा वाटतो.

८. अमेरिकी प्रारूपाच्या मर्यादा

या व्यवस्थेचे अंधानुकरण करण्यापूर्वी तिचे दोष ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला दोष विषम वाटपाचा. डॉना गिंथर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षण, प्रशिक्षण व पूर्वीचे अनुभव विचारात घेऊनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा सुमारे दहा टक्के-अंकांनी कमी असल्याचे दिसून आले. त्यानंतर २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शनाचे जाळे उभारण्यात आले. नियम सर्वांना सारखे असले तरी मार्गदर्शक, ओळखी व संस्थेचे नाव सर्वांना सारखे लाभत नाहीत, हा त्यातील धडा आहे.

दुसरा दोष एकाच दात्यावरील अवलंबनाचा. २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने एनआयएचची अनेक चालू अनुदाने रद्द केली. काही प्रकरणे न्यायालयात गेली. प्रस्थापित प्रयोगशाळा अशा धक्क्यातून काही काळ तग धरू शकतात. ज्याचे पहिलेच अनुदान अर्ध्यावर थांबते, त्याचा विद्यार्थी, तंत्रज्ञ व प्रयोग हे तिन्ही एकदम अडचणीत येतात. अशा प्रसंगी संस्थेकडे स्वतःचा अल्पसा का होईना, आधार-निधी असणे किती आवश्यक आहे हे त्यावरून लक्षात येते.

तिसरा दोष मापनाचा. स्वातंत्र्य म्हणजे अनुदान, असे समीकरण रूढ झाल्याने ज्या प्रश्नांना निधी मिळतो तेच प्रश्न निवडण्याकडे कल वाढतो. स्वतंत्र झालेला संशोधक मग विषयाच्या निवडीत पुन्हा परतंत्र होतो.

९. भारतीय संदर्भ

भारतातही या दिशेने लक्षणीय प्रयत्न झाले आहेत. परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती २००६-०७ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून 'इंडिया अलायन्स' स्थापन झाले. तिच्या अधिछात्रवृत्ती पोस्ट-डॉक्टरल टप्प्यापासून स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्याच्या टप्प्यापर्यंत क्रमाने आखलेल्या होत्या. चिकित्सक व सार्वजनिक आरोग्य संशोधकांसाठीही त्यात स्वतंत्र विभाग होता. १ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास मान्यता दिली. त्यासाठीच्या १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे व ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे आहेत. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने २०२४ मध्ये नवोदित अध्यापकांसाठी प्रधानमंत्री प्रारंभिक संशोधन अनुदान जाहीर केले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या 'पेअर' या उपक्रमात एक सक्षम संस्था केंद्रस्थानी राहून इतर संस्थांना हात देते. या रचनेचे कोब्रे केंद्रांशी साम्य स्पष्ट आहे.

तथापि राज्यातील संलग्न महाविद्यालयात अथवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या अध्यापकाचा मूळ प्रश्न वेळेचाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकास आठवड्याच्या ४० तासांपैकी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन व किमान ६ तास संशोधनासाठी ठेवण्याचा निर्देश होता. चाळीसपैकी सहा तास म्हणजे १५ टक्के. के-२३ अनुदानातील ७५ टक्क्यांशी याची तुलना करणे कदाचित अन्यायाचे होईल, कारण दोन्हींची उद्दिष्टे भिन्न आहेत. पण हे सहा तासही सलग मिळतात का? पेशींचे संवर्धन, रुग्णांचा पाठपुरावा अथवा विदेचे विश्लेषण दररोजच्या एका तासाच्या तुकड्यांत होत नाही. वेळापत्रकात नवोदित अध्यापकाचा एक संपूर्ण दिवस संशोधनासाठी मोकळा ठेवणे हे प्राचार्य व विभागप्रमुख यांच्या अधिकारातील काम आहे व त्यास फारसा खर्च येत नाही.

वैद्यकीय अध्यापकांसाठी 'जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम' अनिवार्य झाल्याने संशोधनपद्धतीचे किमान ज्ञान सार्वत्रिक होण्यास मदत झाली. बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातल्याने मात्र संख्येकडे लक्ष वेधले गेले व एकाच प्रश्नावर सातत्याने काम करण्याची प्रेरणा मागे पडली. प्रस्तावनेनंतर मांडलेला प्रकल्प व कार्यक्रम यांतील भेद येथे प्रत्यक्षात दिसतो.

उपलब्ध साधनांत महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येण्याजोग्या आहेत : (१) नियुक्तीच्या वेळीच जागा, मूलभूत उपकरणे व अल्प प्रारंभिक निधी यांची लेखी हमी देणे, (२) पहिली तीन वर्षे परीक्षा व समित्यांची कामे मर्यादित ठेवणे, (३) विभागाबाहेरील एका सदस्यासह मार्गदर्शन समिती नेमणे व तिची वर्षातून दोनदा बैठक घेणे, (४) परिसरातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून उपकरणांची सामायिक सुविधा व एक संख्याशास्त्रज्ञ यांची सोय करणे, (५) प्रस्ताव पाठविण्यापूर्वी त्याचे पूर्वपरीक्षण व परत आल्यानंतर त्याचे पुनर्वाचन नित्याचे करणे, (६) ज्येष्ठ अध्यापकाचे नाव शोधनिबंधावर असावे की नाही, हे त्याच्या पदावरून न ठरविता प्रत्यक्ष योगदानावरून ठरविणे.

शेवटचा मुद्दा लिहिण्यास सोपा व आचरणास सर्वांत कठीण आहे. आपल्याकडे गुरुशिष्यसंबंधांत कृतज्ञतेला मोठे स्थान आहे आणि ते असावेच. परंतु कृतज्ञतेची परतफेड लेखकत्वाने होऊ लागली की शिष्याचे नाव कायम दुसऱ्या ओळीत राहते.

१०. समारोप

अमेरिकेतील दोन-तीन दशकांच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल की, स्वतंत्र संशोधक आपोआप घडत नाही व केवळ पैशानेही घडत नाही. संक्रमणाच्या काळात हाती राहणारा निधी, संरक्षित वेळ, सामायिक साधने, अनेकांचे मार्गदर्शन आणि अपयशानंतर पुन्हा उभे राहण्यास हात, या पाच गोष्टी एकत्र आल्या तर सामान्य संस्थेतही संशोधनाचा कार्यक्रम उभा राहू शकतो. यांपैकी निधी पुरेशा प्रमाणात देणे महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे असेल, उरलेल्या चार गोष्टी बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहेत.

कोब्रे केंद्रांत नवोदित अध्यापक बाहेर पडला की ते केंद्र आपले यश मोजते. ज्येष्ठ अध्यापकांच्या, विभागांच्या व संस्थांच्या मूल्यमापनात हे एकच माप स्वीकारले गेले, म्हणजे आपल्या छायेतून किती जण स्वतःच्या प्रश्नासह बाहेर पडले हे विचारले जाऊ लागले, तर नवोदितांना साहाय्य करणे हे कोणाच्या औदार्यावर सोडण्याची गरज उरणार नाही.